समुद्रशेवाळाची पूड आणि माझी टिकटिक

५ एप्रिल

लेकीने ही डायरी पाठवली आणि वर फोनवरून हुकूम सोडला, "बाबा, रोज एक तरी अशी गोष्ट लिहा, जिच्याबद्दल आभार मानावेसे वाटतील. डॉक्टर म्हणालेत ना, चिडचिड कमी करा." मी म्हटलं, आभार मानायला मी काय समारंभातला शेवटचा वक्ता आहे? ती म्हणाली, "बघा, झालं सुरू."

नाव लिहीत नाही. डायरी माझी, वाचणारा मीच, आणि मला माझं नाव ठाऊक आहे. वय चौसष्ट. धंदा गाडी शिकवण्याचा. हल्ली दिवसाला एखादाच विद्यार्थी घेतो, कारण दीड वर्षापूर्वी हृदयातली एक झडप कामातून गेली आणि डॉक्टरांनी तिच्या जागी यंत्राची बसवली. ती मिटली की टिक वाजते. खोलीत शांतता असेल तर शेजारच्यालाही ऐकू येते. वाचनालयात एका गृहस्थाने मला घड्याळ बाहेर ठेवून यायला सांगितलं होतं. तिथे बोलायला बंदी म्हणून वाचला.

या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यायची, जन्मभर. त्यापायी पालेभाजी मापात, कारण ती गोळीचा जोर मारते, दाढी जीव मुठीत धरून, आणि टेबलाचा कोपरा लागला तरी मांडी आठवडाभर जांभळी.

गंमत म्हणजे आमच्या घरात आणखी एक माणूस रक्त पातळ करण्याच्या मागे आहे. ही. बायको म्हणजे. ही शास्त्रज्ञ आहे, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून एक साखर काढते, आणि त्या साखरेने रक्त लवकर गोठत नाही. माझी झडप बिघडण्याच्या कितीतरी आधीपासून हिचं हे चाललंय. लोकांना वाटतं माझ्यासाठीच सुरू केलं. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

आजचे आभार: पंखा. तो चालू असला की टिकटिक कमी ऐकू येते. हिला मात्र ती ऐकल्याशिवाय झोप येत नाही. ऑपरेशननंतर पहिला महिना कानात बोळे घालायची, आता पंखाच बंद करायला लावते.

८ एप्रिल

नवी विद्यार्थिनी. शिवणकाम करते, पंचेचाळिशीची. कपडे स्वतः पोचवायचे म्हणून गाडी शिकायची आहे. बाई हुशार, पण स्टिअरिंग असं आवळून धरते की सोडवायला माणूस लावावा.

सिग्नलला थांबलो तर ती घाईघाईने दांडी वरखाली करायला लागली. "सर, इंडिकेटर बंदच होत नाहीये." मी म्हटलं, "तो इंडिकेटर नाही, मी आहे." तिला पटेना. शेवटी शर्टाचं बटण उघडून ऐकवलं, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. मग हसून हसून गाडी दोनदा बंद पाडली.

पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतो ते तिलाही सांगितलं. गाडीचा आवाज ओळखीचा करून घ्या. तो बदलला, वाढला, कमी झाला, काहीही झालं, तरी शहाणपणा करायचा नाही. आधी गाडी बाजूला घ्यायची.

हिलाही मीच शिकवलं होतं. लायसन्स मिळालं त्या दिवशी हिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुम्ही शेजारी बसून माझ्याआधी ब्रेक दाबता. चालवा तुमची तुम्हीच." तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. आमच्या शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक असतो, त्याला मी काय करणार?

१४ एप्रिल

महिन्याची रक्ततपासणी, रक्त किती उशिरा गोठतं ते बघायची. तिथल्या सिस्टर मला काका म्हणतात आणि सासूसारखं बोलतात. "काका, आकडा छान आहे, अडीच ते साडेतीनच्या मध्ये. असाच ठेवायचा."

मी विचारलं, "चांगल्या माणसाचा किती असतो?"

"एकच्या आसपास. पण तुम्ही चांगले नाही आहात," असं म्हणून हसल्या. "तुमचं रक्त इतरांपेक्षा पातळच हवं. इतरांसारखं झालेलं चालायचं नाही." मग छातीला नळी लावून म्हणाल्या, "आवाज अगदी स्वच्छ. चला, पळा."

बोट टोचून घ्यायचा मला मनस्वी कंटाळा आलाय. पण आभार लिहायचे आहेत, तेव्हा सिस्टरांचे. दर वेळी बोट बदलतात.

२ मे

ही चष्मा घरी विसरली म्हणून प्रयोगशाळेत गेलो. आत शिरताच वासाने नाक धरलं. बादल्यांमध्ये शेवाळ भिजत घातलेलं, जुन्या चामड्याच्या पट्ट्यांसारखं. ते उकळायचं, गाळायचं, मग त्यात स्पिरिट ओतलं की साखर कापसासारखी वेगळी होते. ती वाळवून पूड. मी जिभेवर ठेवायला बोट पुढे केलं तर हिने हातावर चापट मारली. "गोड नसते ती. साखरेच्या कणांची लांबच लांब माळ असते."

मग हिने मला दोन काचेच्या नळ्या दाखवल्या. दोन्हींत रक्तातला पिवळा द्रव. एकीत नुसता, दुसरीत पुडीचा कण टाकलेला. थोड्या वेळाने दोन्ही आडव्या केल्या. पहिलीतला द्रव थिजून जागच्या जागी राहिला. दुसरीतला पाण्यासारखा इकडून तिकडे वाहत होता.

मी चक्क टाळ्या वाजवल्या. हिने डोळे वटारले, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला त्या पाळ्या वाचता येतात.

आजचे आभार: चष्मा विसरल्याबद्दल.

३ मे

सकाळी हिला विचारलं, "मग माझ्या गोळीच्या जागी तुझी पूड कधी येणार?"

ती म्हणाली, "तसं नसतं हो. नळीत ठीक आहे, पण माणसाच्या पोटात..." आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. मी धावलो. शेगडी पुसून येईपर्यंत हिची बस आली आणि ही गेली.

काय सांगत होती कोण जाणे. शास्त्रज्ञांना शंका काढायची खोडच असते, त्यातून स्वतःच्या कामावर जास्त.

१९ मे

ही लवकर घरी आली. चपला न काढताच खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर. मी चहा केला. तो निवून गेला तरी हिने कपाला हात लावला नाही.

मग सांगितलं. साहेब म्हणाले, या वर्षाअखेर हे काम बंद. शेवाळ दर ऋतूत वेगळं निघतं, पुडीचा जोर कधी जास्त कधी कमी, भरवसा देता येत नाही. कपाट दुसऱ्यांना द्यायचंय, जुना माल टाकून द्या.

"सगळं टाकलं," ही म्हणाली. "हे एवढं टाकवेना." पिशवीतून तपकिरी काचेची रुंद तोंडाची बरणी काढली, पुडीने भरलेली. पुस्तकांच्या फळीवर शब्दकोशामागे ठेवली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "इतकी वर्षं घातली, आणि एकाही माणसाला उपयोग झाला नाही."

मी जगाला तोंडावर सुनावतो, पण त्या क्षणी एवढंच म्हणता आलं, "होईल."

आज आभार बिभार काही नाहीत. साहेबाला चार शिव्या द्याव्यात असं वाटतंय, आणि डायरीत द्यायला काय हरकत आहे, दिल्या.

२१ मे

ठरलं. एका माणसाला तरी उपयोग व्हायला हवा ना? तो माणूस घरातच बसलाय, आरामखुर्चीत, टिकटिक करत.

माझ्या डोळ्यांनी मी ती नळी पाहिली आहे. द्रव वाहत होता, त्यात खोटं काय? आजपासून गोळी बंद, पूड सुरू. रोज सकाळी ही गेली की एक छोटा चमचा, कोमट पाण्यातून. गोळ्या जुन्या चष्म्याच्या डबीत टाकत जाईन. ही माझ्या गोळ्या कधी मोजत नाही, त्यामुळे ती अडचण नाही.

पुडीची चव भिजलेल्या दोरखंडासारखी आहे. पण बायकोच्या हातचं आहे, नावं ठेवणार नाही.

ऑगस्टमध्ये हिचा वाढदिवस. त्या दिवशी हिच्यापुढे उभा राहीन आणि सांगेन, तुझ्या पुडीवर इतके महिने धडधाकट आहे, तपासून घे. मग साहेबांकडे जाऊ. नवा शर्ट घालीन.

आजचे आभार: हिचे. हिने हे काम केलं, म्हणून मला हिच्यासाठी काहीतरी करायची संधी मिळाली. एरवी मी हिला काय दिलं? ब्रेक दाबायची सवय.

२७ मे

एकदम ठणठणीत. काही होत नाही म्हणजे काहीच होत नाही. पालेभाजी दोनदा मागून घेतली. ही म्हणाली, "अहो, माप?" मी म्हटलं, "एखाद्या दिवशी चालतं." किती दिवसांनी पोटभर पालेभाजी खाल्ली! आभार.

६ जून

महिन्याच्या तपासणीची वेळ होती. सिस्टरांना फोनवर सांगितलं, बाहेरगावी आहे. खोटं बोललो, पण चांगल्या कामासाठी.

तरी राहवेना. बाजारामागे एक छोटी पॅथॉलॉजी आहे, तिथे गेलो. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, म्हणजे टिकटिक ऐकून उगाच प्रश्न नकोत. तिथल्या माणसाने विचारलं, "कशासाठी करताय?" म्हटलं, "सहज." संध्याकाळी रिपोर्ट हातात देताना तो म्हणाला, "काका, काळजीच करू नका. एकदम नॉर्मल."

नॉर्मल! दीड वर्षात हा शब्द माझ्याबद्दल कुणी वापरला नव्हता. गोळीवर असताना आकडा कायम भलताच वर असायचा. हिच्या पुडीने मला निरोगी माणसासारखा करून टाकला. रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

येताना हिच्यासाठी फुलं आणली. हिने संशयाने बघितलं. "काय फोडलंत?"

१२ जून

ही समुद्रावर गेली, शेवाळाची शेवटची खेप गोळा करायला. पंधरा-सोळा दिवस तिकडेच. जाताना म्हणाली, "शेवटचंच आहे, नीट करून येते." मी बॅग उचलून बसपर्यंत नेली. चढावर जरा दम लागला. बॅगेत काय दगड भरले होते देव जाणे.

१६ जून

चमत्कार! टिकटिक कमी झाली आहे.

दोन दिवस वाटत होतं, आज खात्रीच केली. सगळी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलो. आवाज येतो, पण कुणी फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखा. पुडीने झडपेला वंगण मिळालं असणार, दुसरं काय?

लगेच वाचनालयात गेलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत पेपर वाचला, कोडंही सोडवलं. एका माणसाने मान वर केली नाही. तो घड्याळवाला गृहस्थ समोरच होता. त्याच्याकडे बघून हसलो, तो बिचारा गोंधळला.

हिचा फोन आला. "इथे झोपच लागत नाही. टिकटिक नाही ना." मी तोंड दाबून हसलो. आल्यावर काय मजा येईल!

१९ जून

शिवणवाल्या बाई आता तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या. आज सिग्नलला थांबलो तेव्हा इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "सर, आज इंडिकेटर बंद आहे वाटतं?" मी म्हटलं, "दुरुस्त करून घेतला." त्यांना काही कळलं नाही, पण हसल्या.

चाक कसं बदलायचं ते दाखवायला खाली उतरलो. जॅक चार वेळा फिरवला नाही तोच भाता झाला छातीचा. बाईंनी मला सरळ बाजूला बसवलं आणि स्वतः चाक लावलं. "सर, चेहरा उतरलाय तुमचा. डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, उन्हाचं असेल. त्या म्हणाल्या, "ऊन कुठे आहे?"

बूट आवळायला लागलेत. हल्लीचं चामडं आटतं वाटतं. दुकानदाराला चांगला फैलावर घेणार आहे.

आजचे आभार: बाईंचे. चाक झकास लावलं.

२४ जून

सिस्टरांचा परत फोन. "काका, अजून बाहेरगावीच?" म्हटलं, हो, मुक्काम वाढला. "गोळी चालू आहे ना?" यावर मी काय म्हणालो ते लिहीत नाही.

आडवं झालं की खोकला येतो. दोन उशा घेतल्या की बरं वाटतं. हवा बदललीये, दुसरं काही नाही.

२७ जून

उद्या ही येणार. घर झाडून घेतलं, अधूनमधून बसत बसत. एरवी अर्ध्या तासाचं काम, आज सकाळ गेली. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

टिकटिक आता जवळजवळ नाहीच. वाढदिवसापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहील असं वाटत नाही.

५ जुलै

हॉस्पिटल. आज पेन धरू देत आहेत. लेक आली आहे, तिनेच डायरी आणून दिली. वाचली नाही म्हणते.

त्या रविवारचं लिहितो, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

ही दुपारी आली, खाऱ्या वाऱ्याने रापलेली. जेवणं झाली. थकली होती, म्हणून पंखा बंद करून माझ्या शेजारी आडवी झाली. मी श्वास रोखून वाट बघत होतो. थोडा वेळ गेला. मग हिने डोळे उघडले.

"अहो, तुमचा आवाज कुठे गेला?"

मला तेच हवं होतं! मी उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बरणी, चमचा, गोळ्या, नॉर्मल रिपोर्ट. वाटलं, आता ही रडेल, आनंदाने. मी नव्या शर्टाचंही सांगितलं.

हिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या छातीला कान लावला. मग दुसरा कान लावला, पहिला खोटं सांगत असल्यासारखा. मग माझे पाय बघितले, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"गाडीची किल्ली द्या," ही म्हणाली.

रविवारची दुपार, रस्ते गच्च. इतक्या वर्षांनी हिने स्टिअरिंग धरलं होतं. मी शेजारच्या सीटवर, माझ्या पायाखाली ब्रेक. एका टेम्पोच्या आणि भिंतीच्या मधून हिने गाडी अशी काढली की आरशाला आरसा घासला. मी पाय सीटखाली ओढून घेतला होता. एकदाही ब्रेक दाबला नाही. कारण मला त्या वेळी श्वास घ्यायला जमत नव्हता, आणि दुसरं म्हणजे, ही उत्तम चालवत होती.

डॉक्टरांनी यंत्रावर छातीतलं चित्र बघितलं. झडपेला दोन पाकळ्या असतात. एकीवर गुठळी बसली होती आणि ती हलतच नव्हती. दुसरी एकटी सगळ्या रक्ताचं दार उघडत-मिटत होती. ते हिला म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर..." आणि वाक्य अर्धं टाकून औषध मागवलं. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सोडलं. त्यातही धोका होता, तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याचा. हिने सहीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

तुकडा सुटला नाही. पाकळी सुटली. परवा सकाळी वॉर्डातल्या सिस्टर सलाईन बदलत होत्या आणि एकदम थांबल्या. "काका, ऐका."

टिक.

मी, लेक आणि सिस्टर, तिघंही रडलो. आभार. कुणाकुणाचे मानू?

६ जुलै

ही माझ्याशी बोलत नव्हती. येते, केस विंचरते, पाणी देते, खिडकीकडे बघत बसते. आज लेक खाली गेली तेव्हा मी म्हटलं, "बोल एकदाचं. शिव्या तरी दे."

मग म्हणाली, "त्या दिवशी दूध उतू गेलं, तेव्हा मी काय सांगत होते माहीत आहे? काचेच्या नळीला पोट नसतं. ही साखर इतकी लांब असते की तोंडाने घेतली तर पोटातून रक्तात जवळजवळ पोचतच नाही. तुम्ही पाच-सहा आठवडे कसलंच औषध न घेता फिरत होता."

"पण रिपोर्ट नॉर्मल..."

"नॉर्मल म्हणजे काय? म्हणजे तुमचं रक्त साध्या माणसासारखं गोठायला लागलं होतं. साध्या माणसाच्या हृदयात यंत्र नसतं."

सिस्टरांनी हेच एप्रिलमध्ये सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलंय. पानं मागे उलटून बघितली आणि कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, एकाही माणसाला उपयोग झाला नाही."

यावर हिचा बांध फुटला. "उपयोग व्हावा असं मला वाटत होतं हो. तुम्ही मरायला नको होतात." खूप वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मी तुमच्या गोळ्या कधी मोजल्या नाहीत. कारण तुम्ही मला फसवाल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही."

मी हिचा हात धरला आणि चुकलो म्हणालो. आयुष्यात गाडीच्या बाबतीतसुद्धा कधी म्हणालो नव्हतो. हिने हात काढून घेतला नाही.

७ जुलै

शिवणवाल्या बाई भेटायला आल्या. लेकीने त्यांना सगळी कथा सांगितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "सर, तुम्हीच शिकवलंत ना, आवाज बदलला की शहाणपणा करायचा नाही, आधी गाडी बाजूला घ्यायची?"

लेकीने मान फिरवली. खांदे हलत होते, म्हणजे हसत होती. मीही हसलो, टाके असते तर उसवले असते.

११ जुलै

घरी. गोळी सुरू. ही समोर उभी राहते, मी गिळतो, तोंड उघडून दाखवतो, जीभ वर करून. चौसष्टाव्या वर्षी ही पाळी. पण तक्रार नाही, आणि ही चिडचिडही नाही, लेकीने नोंद घ्यावी.

शब्दकोशामागे बरणी नव्हती. विचारलं नाही. दुपारी पाहिलं तर ती हिच्या टेबलावर होती, घट्ट बंद, वर ठळक अक्षरांत नवी चिठ्ठी: खाण्यासाठी नाही. फेकली नाही तर. बरं वाटलं.

२ ऑगस्ट

बाई परीक्षा पास झाल्या. परीक्षक म्हणाला, बाईंना आवाजावरून गिअर कळतो. मी कॉलर ताठ केली.

साहेबांनी काम बंद करण्याचा निर्णय बदललेला नाही. ही आता शेवटचा लेख लिहिते आहे, इतक्या वर्षांत काय जमलं आणि काय नाही याचा. आज मला एक परिच्छेद वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की हे सगळे निकाल काचेच्या नळीतले आहेत. ही पूड तोंडाने घेऊन तसा परिणाम होतो असं कुणीही समजू नये, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध तिच्या भरवशावर कुणीही बंद करू नये.

"हे आधी नव्हतं," ही म्हणाली. "आम्हाला वाटायचं, हे लिहायची काय गरज? सगळ्यांना ठाऊक असतं."

"म्हणजे एवढं वाक्य माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे." मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "कोणीतरी वाचेल, आणि गोळी घेईल. झाला ना एका माणसाला उपयोग."

कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

१७ ऑगस्ट

हिचा वाढदिवस. नवा शर्ट घातला, साहेबाकडे न जाताच. लेकीचा फोन झाला. तिने विचारलं, "बाबा, आभार लिहिताय ना?" म्हटलं, जागा पुरत नाही.

सकाळी सिस्टरांनी बोट टोचलं. आकडा मापात. त्या म्हणाल्या, "काका, नॉर्मल नाही आहात, अभिनंदन." येताना गाडी हिने चालवली. एका वळणावर माझा पाय जरासा पुढे गेला होता, पण मी तो मागे घेतला. हिने पाहिलं आणि गिअर बदलला.

दुपार आहे. पंखा बंद, घामाने शर्ट चिकटलाय. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण उजवा हात हिच्या डोक्याखाली अडकलाय आणि मी डाव्या हाताने लिहितोय. हाताला मुंग्या आल्या आहेत. हलवणार नाही. माझा आवाज चालू आहे आणि हिला झोप लागली आहे.